जॅकलिनच्या बागेचं ठिबक

— नाही गबी, हा फिल्टर नको. हा पुन्हा उघडून धुवावाच लागणार ना? मग काय उपयोग? मला असं दाखव की एकदा बसवलं की कुणाला म्हणून हात लावायला नको. दुकान बंद करायची वेळ झालीय ते कळतंय मला, शुक्रवार आहे, संध्याकाळी शब्बाथ लागला की सगळं बंद, माझाही मासा गॅसवर आहे — पण मला आजच हवंय. का म्हणजे, प्रोस्पेर घरी नाही म्हणून. नवऱ्यासमोर असलं काही घ्यायची सोय आहे का? लगेच मधे पडणार. पाणी खात्यात जन्म गेला ना, त्याला वाटतं आपल्या येरुहाम गावातला प्रत्येक नळ त्याच्याच मांडीवर वाढलाय.

आणि माझ्यासाठी नाही हे. जॅकलिनसाठी. आमची शेजारीण रे, मोरिसची बायको. एकटी बाई, करणार काय बिचारी — मला दया येते तिची. हसू नकोस, येते. मोरिस गेला, बाग वाळायला लागली, तेव्हा आमचा हा म्हणाला, जरा बघून येतो, ठिबकचा फिल्टर तुंबला असेल. तुंबलाच होता. आपलं पाणी कसलंय तुला माहीत आहे, किटलीत बघावं तर चुन्याची खपली. बरं, धुतला. पुढच्या शुक्रवारी परत गेला — म्हणे नळ्यांची टोकं उघडून गाळ सोडायला हवा. मग म्हणे नळ्यांवरचे ड्रिपर बदलायचेत. मग टायमरची बॅटरी. मग म्हणे प्रेशर कमी पडतंय. अरे, भिंतीला भिंत लागून घरं आमची, पाणी येतं एकाच पाइपातून, आणि प्रेशर कमी पडतं ते फक्त तिच्याकडे? आता मला एक सांग, तू इतकी वर्षं हेच करतोस — फिल्टर धुवायला जाताना दाढी करतं का कुणी? हा करतो. वर ते वासाचं पाणी लावतो. विचारलं तर म्हणतो, शब्बाथ आहे ना. शब्बाथ लागतो संध्याकाळी, हा सकाळीच नटून बसतो! आजही तसाच गेलाय तिकडे, फिल्टर धुवायला.

आणि ती काय कमी आहे? बिघडलेला व्हॉल्व्ह दाखवायला लिपस्टिक कशाला लागते? कुंपणावरून हाक मारते, ‘प्रोस्पेर, तुम्ही नसता तर ही बाग मोरिसबरोबरच गेली असती.’ आणि ह्याचे कान लाल होतात. या वयात! मग संत्र्याचा केक खाऊन येतो आणि माझ्या माशाकडे बघून म्हणतो, भूक नाही. माझ्या आईच्या हातची चव आहे त्या माशाला, माराकेशहून आणलेली — आणि ह्याला भूक नाही. मी काय मत्सर करणाऱ्यातली बाई नाही, गबी. अख्ख्या गल्लीला विचार. पण जळते. रात्रंदिवस जळते, काय करू?

हं, हा कुठला? आपला आपण धुतला जातो? म्हणजे कचरा पाण्याबरोबरच बाहेर? वा, हाच दे. टोकांनाही तसलंच काहीतरी घाल, आपोआप गाळ सोडणारं. ड्रिपर न तुंबणारे. टायमर बॅटरीचा नको, बॅटरी बदलायला कोण जाईल — कोण जाईल ते मला चांगलं ठाऊक आहे — विजेवरचा दे. नळ्या मातीखाली गाड, मांजरीनं चावल्या हे निमित्तसुद्धा नको. पैशाचं बोलू नकोस, मी देते. बसवायला तू स्वतः जा आणि तिला सांग, दुकानाची सोडत निघाली, तुमचं नाव आलं. खूश होईल, तिला तशीही स्वतःच्या नशिबाची फार खात्री आहे. बघ कसं सगळं — 

काय झालं? बोल ना. खोटं बोलवत नाही का तुला? एवढं काय त्यात, पुण्याचं काम आहे — मग? बसवलंय म्हणजे? कुणाकडे बसवलंय?

तिच्याकडे. हेच? टोकांसकट, टायमरसकट? कधी? — वल्हांडणाच्या आधी? अरे, त्याला सहा महिने होतील, आता मंडपांचा सण आला. तू स्वतःच बसवलंस? आणि तेव्हापासून एकदाही उघडावं लागलं नाही... नसणारच, तुझं काम चोख, तुझ्या वडिलांसारखं. कुणी निवडलं हे सगळं? जॅकलिनला ह्यातलं ओ की ठो कळत नाही. — सांग, गबी. खाली काय बघतोस.

प्रोस्पेरनं.

म्हणजे धुवायचं काहीच नाही तिथे. काहीच नाही. उन्हाळाभर नव्हतं. मग आत्ता, या घटकेला तो तिथे — 

नको. नको सांगूस. तुला तरी काय माहीत.

ही खोकी ठेव परत. नाही, पाणीबिणी नको मला, खुर्ची पण नको. काय? आमच्याकडे बसवून देतोस? विषय बदलू नकोस. आमच्याकडे तो जुनाच फिल्टर आहे, जाळीचा, गंजलेला. नवा घेऊ म्हटलं की प्रोस्पेर म्हणतो, काय करायचाय, चालतोय की. चालतोय. मी धुते म्हणून चालतोय.

सरक बाजूला. जाऊ दे मला.