माझ्या गाडीतला बर्फ

एकाचा, अहो एका माणसाचा विश्वास बसू नये? तुम्हाला सांगते, गुंटूरचा मे महिना, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय, आणि मी म्हणतेय की माझ्या गाडीच्या एसीत बर्फ साठतो, तर लोक आधी गाडीकडे बघायचे, मग माझ्याकडे, आणि मग माझ्याकडेच बघत राहायचे!

अहो, खरंच साठतो! निघताना गारेगार. अर्धा तास झाला की वारा बारीक व्हायला लागतो... बारीक... बारीक... आत पंखा नुसता बोंबलतोय आणि जाळीतून फुंकरसुद्धा नाही! गाडी दहा मिनिटं बंद ठेवा, खाली बदाबदा पाणी, आणि पुन्हा गारेगार. आता हे गॅरेजवाल्याला दाखवायचं कसं? त्याच्या दारात पोचेपर्यंत बर्फ असतो, तो बाबा चहा पिऊन येईपर्यंत पाणी! पुरावाच वाहून जातो!

तो श्रीनू गॅरेजवाला. जाळीत तापमापी खुपसली, पाच मिनिटं बघितलं आणि म्हणतो, "अम्मा, सहा डिग्री! माझ्या घरच्या फ्रिजपेक्षा गार! तुम्ही गाडीत एकट्याच असता ना?" म्हटलं, "असते एकटी, त्याचा एसीशी काय संबंध रे?" दात काढत गॅस भरला आणि दिलं पाठवून. अरे, अर्धा तास बस माझ्या शेजारी, मग बोल!

शेजारीण सांब्राज्यम, ती तर पदराने डोळेच टिपायला लागली. "वहिनी, वर्ष झालं ना भावजींना जाऊन... एकट्या माणसाला होतात असे भास. माझ्या आत्याला भिंतीतून भजनं ऐकू यायची." भजनं! इथे माझा वारा गोठलाय आणि हिची आत्या भजनं ऐकतेय! म्हटलं, "बाई, अर्धा तास बस माझ्या शेजारी, मग बोल!" तर म्हणे, कैरीचं आवकाया लोणचं घालायचंय. कोणाचं लोणचं, कोणाची सिरियल, कोणाचे गुडघे... अर्धा तास म्हणून नाही कोणाकडे. माझ्या शेजारी बसतं कोण, तर तिखटाचं पोतं! आमचं मिरचीचं कांडप आहे ना, दुकानांना तिखट मीच पोचवते. आणि त्या पोत्याला मी पट्टासुद्धा लावते. हसताय काय? नाही लावला तर गाडी टुंई टुंई ओरडते! आणि खरं सांगू, लावला की शेजारी कोणीतरी बसल्यासारखं वाटतं. असो.

आता म्हणाल, एवढा कशाला जीव काढतेस, काचा खाली कर. करते की! माझ्यासाठी कशाला हवाय मेला एसी? पण माझी शिरीषा येणार होती बंगळूरहून, तीन महिन्यांचं लेकरू घेऊन. मिरचीचा हंगाम होता, बाळंतपणाला मला जाता आलं नाही; नातू बघितलाय तो फोनच्या काचेत. आणि तिचं विमान उतरतं गन्नवरमला. तिथून तिचं सासर पाव तासावर, माझं घर दीड तासावर. फोनवर म्हणते, "अम्मा, ह्या उन्हात बाळाला तुझ्या त्या गाडीत नाही आणणार मी. एसी नीट झाला तर तुझ्याकडे, नाहीतर आम्ही सासरीच उतरतो, पुढच्या खेपेला बघू." पुढची खेप कधी? संक्रांतीला! म्हणजे पोरगं चालत येणार माझ्याकडे!

मग गेले मस्तान वलींकडे. म्हातारा मिस्त्री, दाढीला मेंदी, कानाने कमी. मी आधीच भांडायच्या तयारीत. म्हटलं, "अर्धा तास बसा माझ्या शेजारी, मग बोला!" तर पाना खाली ठेवला, हात पुसले आणि म्हणाले, "चला, अम्मा." चला! असं कोणी म्हणतं का एकदम? मला चावी सापडेना!

गेलो तेनालीच्या रस्त्याने. अर्धा तास मीच बोलत होते... शिरीषा, नातू, कांडप, सांब्राज्यमची आत्या... त्यांना किती ऐकू आलं देव जाणे, पण मान हलवत होते हो. आणि बत्तिसाव्या मिनिटाला वारा बारीक! मी ओरडले, "बघा!" जाळीवर हात धरून म्हणाले, "खरं आहे, अम्मा." गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले मी. एसीसाठी! लाज वाटते सांगायला.

त्यांनी डाव्या बाजूचा खण काढला, आत हात घातला आणि फिल्टर ओढला. अगं बाई! आपल्याच कांडपाचं तिखट, लालभडक, थरावर थर! दोघांना शिंका, थांबेनात. "हवा जायला वाटच नाही," म्हणाले. "वारा फिरला नाही की दव तिथेच धरतं, त्याचाच बर्फ. पण अम्मा, आधी कोणीतरी दर महिन्याला साफ करत होतं हे." आणि दाखवली फिल्टरची कड. पेनाने बारीक बारीक तारखा, एकाखाली एक. शेवटची, गेल्या वर्षीच्या शिवरात्रीच्या आधीच्या रविवारची.

अक्षर ओळखलं मी. रविवारी हे गाडीत डोकं घालून बसायचे तेव्हा मी कांडपातून ओरडायचे, कामं चुकवता म्हणून! एका शब्दाने सांगू नये? जाताना तरी?

नवा फिल्टर बसला. दीड तास फिरवली, गारेगार. शिरीषाला लगेच फोन केला. "येते, अम्मा," म्हणाली, "पण चूक कोणाची होती? पुन्हा तर नाही ना करणार तो?"

म्हटलं, "नाही गं. आता पुन्हा नाही करायचा."

"पण कोण?"

आता तुम्हाला सांगते, अठ्ठावीस वर्षं संसार केला, आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे गेल्यावरही मी कधी घेतलं नव्हतं. पण राग आला होता ना!

"कोटेश्वरराव," म्हटलं.