मातीची वीट ओढणीखाली

—न्हाई माय, मला सोमवार हाय, तूच घे चहा. इंजिनेर असलीस म्हणून काय झालं, नौबादपर्यंत उन्हातनं आलीस! तर पुन्हा सांग — नव्या खोलीला भाजलेली वीट नको, भट्टीचा धूर. शिमिट कमी वापरा, त्याच्या कारखान्याचा धूर. त्यापेक्षा ही राखेची वीट बरी. बरी, पण राख लांबून ट्रकनं येती म्हणतीस — मंग त्या ट्रकचा धूर कुणाच्या नावावर? हसू नको. अन् ही दुसरी, न भाजता दाबून केलेली मातीची. सगळ्यात कमी धूर, खोलीही गार. कळतंय मला. आमच्या सुनेला, मंगलला, सातवा हाय, पत्र्याखाली उकडून निघायलीय, वैशाखात बाळंत व्हायची. मला बी हीच पाहिजे — पण ओढणीखाली झाक ती वीट. कामून? आमचे हे येतील आता.

माती वाईट न्हाई माय. मंठाळला आमचं मातीचंच घर होतं, वर माळवद — लाकडावर माती थापलेलं. पावसाळ्याआधी दरसाल नवी माती टाकायची, पण आधी जुनी खरडून काढायची — सासूबाई काढू द्यायच्या न्हाईत. घरावरची माती उतरवली की लक्ष्मी उतरती, म्हणायच्या. थरावर थर. देवभोळ्या होत्या, वाईट नव्हत्या. त्र्याण्णवच्या भूकंपात भिंती उभ्याच राहिल्या बघ — तुळई मोडली अन् वरचं सगळं खाली आलं. खाली आमची महादी निजलेली, लेक. ह्यांनी हातानंच उकरलं. नखं राहिली न्हाईत एका बी बोटाला... हे बोलायचं नव्हतं मला. चहा निवायलाय तुझा.

तवापासून मातीचा ढीग दिसला की हे बसतात उकरायला — रस्त्यावरचा असो, कुणाच्या अंगणातला असो. म्हणून तर इथं फरशीच्या घरात आलो. सोमवार त्यांच्यासाठीच धरलेत मी. अन् यंदा देवानं ऐकलंय — तुळशीच्या कुंडीला पाणी घालतात, मातीला बोट लावत न्हाईत. म्हणून वाटलं, भिंती मातीच्या, वर हलकं छत, नातवंड गारव्याला निजंल, ते बघून हे बी हळूहळू—

फाटक वाजलं. झाक माय, झाक, कोपरा दिसायलाय तिचा—

अहो. अहो, ठिवा ती खाली. वीट हाय नुसती, ही इंजिनेर पोरगी दाखवायला घेऊन आलीय. रक्त येतंय बघा बोटांतून — सोडा — अहो, तिच्याखाली कोणी न्हाई हो, कोणी न्हाई...

राखेचीच पाठव माय. मागच्या दारानं जा.