पातेल्यातली केबल आणि ‘पल्याडचा दिवा’

मी, जोसेट लाव्हाली, वय २७ वर्षे, व्यवसाय ध्वनितंत्रज्ञ, राहणार आर्बोर्ग, मॅनिटोबा, समक्ष विचारल्यावरून सांगते की, समारंभांना ध्वनियंत्रणा पुरवणे हे माझे काम आहे. चोरीस गेली म्हणून कळवण्यात आलेली केबल माझ्या मालकीची आहे.

काल शनिवारी गावच्या सभागृहात डार्का मेल्निचुक व आर्नी सिग्वाल्डसन यांच्या लग्नाची मेजवानी होती. जेवणानंतर वधूवरांचा पहिला नाच होता. त्यासाठी आर्नीने मला ‘पल्याडचा दिवा’ हे गाणे कळवले होते. या नावाचा एक चित्रपट आहे. याच नावाचा एका रॉक बँडचा अल्बम आहे, अल्बमात याच नावाचे गाणे आहे. त्याहून जुने, याच नावाचे, जोडीने गिरक्या घेत नाचायचे एक वॉल्ट्झ-गाणेही आहे. चित्रपटात यांपैकी काहीच नाही. म्हणून कोणते, असे मी फोनवर विचारले.

आर्नी म्हणाला, "कोणतं काय? आमचं गाणं! डार्काला विचार हवं तर."

डार्काला विचारले. ती म्हणाली, "आर्नीला माहितीये."

आर्नीने पाठवले ते मी लावले. ते रॉकचे होते. पहिल्याच ओळीला डार्का थांबली.

"हे कुठलं?"

"आपलं! सिनेमाला भेटलो, त्या दिवशी ट्रकमध्ये नव्हतं का लावलं मी?"

"ते तुझं. आपलं म्हणजे आमच्या स्वयंपाकघरात नाचलो ते. चार वर्षं मी ‘आपलं गाणं’ म्हणतेय आणि तू भलतंच ऐकतोयस?"

यावर आर्नी हसला. डार्काने डोक्यावरची फुलांची माळ काढून टेबलावर ठेवली. "मग आणखी काय काय भलतंच धरून बसलोय आपण?" आर्नीचे हसणे थांबले.

वराचे काका म्हणाले, "मेल्निचुकांचे पाय वॉल्ट्झशिवाय हलतच नाहीत."

वधूचे वडील म्हणाले, "तुमचे हलतात ते बर्फावर घसरल्यावर."

मी वॉल्ट्झ शोधत असताना यंत्रणा बंद पडली. वधूची मावशी, श्रीमती ओल्हा, वय ७८, यांनी मुख्य केबल काढून स्वयंपाकघरात नेली, पिरोगीच्या, म्हणजे लोण्यात घोळलेल्या उकडीच्या करंज्यांच्या, रिकाम्या पातेल्यात ठेवली, झाकण लावले व झाकणावर बसल्या. मी केबल मागितली. त्या म्हणाल्या, "माझ्या लग्नात कुठं होती गं तुझी वायर? तोंडं दिलीत ना देवानं सगळ्यांना!" दरम्यान सभागृहाच्या व्यवस्थापकांनी पोलिसांना फोन केला. मी तसे सांगितले नव्हते.

मी परत आले तेव्हा मेल्निचुक मंडळी खिडकीकडून वॉल्ट्झ म्हणत होती आणि त्यांचा आवाज दाबायला सिग्वाल्डसन मंडळी दाराकडून रॉक. ध्वनी म्हणून ते सदोष होते. वधूवर मधोमध, एकमेकांकडे न पाहता उभे होते. आर्नीचे ओठ वॉल्ट्झवर हलत होते. तिसरे कडवे मेल्निचुकांनाही येत नव्हते. ते थांबले. ते पाहून दाराकडचेही थांबले. आर्नी थांबला नाही. कडवे त्याने एकट्याने पुरे केले.

डार्काने ते शेवटपर्यंत ऐकले. "सूर सोडलास, गाढवा," असे म्हणून तिने रॉकचे गाणे उचलले. तिला ते अथपासून इतिपर्यंत पाठ होते. आर्नीने माळ परत तिच्या डोक्यावर ठेवली, वाकडी. त्यानंतर नाच झाला. सगळेच नाचले.

आपण, कॉन्स्टेबल फ्रीझन, त्यानंतर पोहोचलात. श्रीमती ओल्हा माझ्याकडे बोट दाखवून आपणास म्हणाल्या, "ही पोरगी मघापासून खांबासारखी उभी आहे. तिला एक फेरी फिरवून आण, मग उठते. बेड्या नंतर घाल." थोड्या वेळाने केबल परत मिळाली. ती चालू स्थितीत आहे, लोणी लागले आहे. त्यानंतर कार्यक्रम संपेपर्यंत मी मिक्सरजवळच होते. दोन्ही गाणी पुन्हापुन्हा लावावी लागली.

माझी श्रीमती ओल्हा यांच्याविरुद्ध किंवा अन्य कोणाविरुद्ध तक्रार नाही.

लिहिलेले मला वाचून दाखवले, ते मी सांगितले तसेच आहे. दुरुस्ती एकच. ‘मिक्सरजवळच होते’ याच्या आधी ‘एक वॉल्ट्झ वगळता’ असे घालावे. कोणाबरोबर, ते जबाब लिहून घेणाऱ्यांना ठाऊक आहे.