कडेचे नर

(दक्षिण आफ्रिकेतल्या पोंडोलँडातलं नदीकाठचं गांजाचं शेत. नोझुको आणि तिचा भाचा लुंगिसा.)

नोझुको : आणि कडेची ती उंच झाडं? ती कुठायत?

लुंगिसा : उपटली, आत्या! तू लुसिकिसिकीला मयतीला गेलीस ना, तेव्हाच. नर होते सगळे. पेरापेराशी गोळ्यांचे घोस लटकलेले.

नोझुको : गोळ्या मलाही दिसत होत्या रे. डोळे फुटले नाहीत माझे.

लुंगिसा : मग ठेवलेस कशाला? डर्बनच्या काचघरात काय उगाच राबलो मी? गोळी दिसली की झाड बाहेर. नर राहिला की माद्या बियांनी भरतात, मग मालाला कुत्रं विचारत नाही.

नोझुको : मला बीच हवं होतं, लुंगिसा.

लुंगिसा : बी?

नोझुको : तुझ्या आजीचं. मडक्यातलं शेवटचं मूठभर पेरलं होतं. निम्मं कुजकं निघालं. उगवलं ते एवढंच.

लुंगिसा : अगं, मग बोलायचंस तरी!

नोझुको : त्यात बोलायचं काय? आपल्या घरात नराला बाईच हात लावते, तोही त्याची धूळ माद्यांवर झडून गेल्यावर. तुझ्या बापानं कधी उपटला?

लुंगिसा : थांब, उपटून शेळ्यांपुढं टाकले होते, त्यांनी सगळे खाल्ले नसतील. हा बघ, कुंपणावर एक राहिलाय!

नोझुको : आण इकडं. नाही रे. गोळ्या मिटलेल्याच आहेत. उमलून पिवळी धूळ सांडली असती, तर काम झालं असतं. हा कच्चाच वाळला.

लुंगिसा : माद्या तर तयार आहेत. पांढरे केस फुटलेत.

नोझुको : तेच बघवत नाही मला. पांढरे आहेत तोवर धूळ धरतील. तांबडे पडले की संपलं.

लुंगिसा : पलीकडं मालुसीकडे नर आहेत. एक फांदी मागून आणतो.

नोझुको : त्याचं बी कंपनीचं. त्यातून होईल ते मालुसीचं पोर. त्याला माझ्या आईचं नाव कसं देऊ?

लुंगिसा : चुकलं, आत्या. वाटलं, तुला आता वाकवत नाही, तेवढंच काम हलकं होईल.

नोझुको : ठाऊक आहे. म्हणून तर शिवीही देता येईना. मी पितरांसाठी बिअर आंबत घालते. तयार झाली की गोठ्यात, पितर ऐकतात तिथं उभं राहून, गेलेल्या आजीला सांग. घरातला पुरुष तूच.

लुंगिसा : काय सांगू तिला?

नोझुको : आत्ता मला सांगितलंस तेच.

लुंगिसा : तू येशील ना?

नोझुको : दाराशी बसेन. ऐकवणार नाही मला, पण बसेन.