कोंड्यावर दिलेलं लेकरू

गिरजाबाई : आधी पत्रिका घ्या, वकील साहेब. इश्वरचं लगन हाये. चाय मंग पिऊ.

वासुदेवराव : इश्वरचं! अहो, कोर्टात तुमच्या मांडीवर बसून माझी पेन्सिल चघळत होता तो.

गिरजाबाई : अडीच वर्साचा होता तवा. आता मिशा ठेवल्या पोट्ट्यानं.

वासुदेवराव : एकोणीस वर्षं झाली. सत्तर साल. तशी केस पुन्हा नाही मिळाली मला, गिरजाबाई. अख्खं आसगाव धानाच्या रोवण्याला गेलेलं, घरात झोपलेलं पोर गायब, आणि नेताना पाहणारा एकही साक्षीदार नाही. तिसऱ्या दिवशी पोरगा भंडाऱ्याजवळच्या वरठी स्टेशनच्या बाकावर एकटाच. नेणारं जे कोणी ते शिपाई पाहून सटकलेलं. बाररूममध्ये सगळे म्हणत, वासुदेवराव, आरोपी सुटते, लिहून घ्या.

गिरजाबाई : तुमी नाई सुटू देल्लं.

वासुदेवराव : पोराच्या अंगावरच्या नव्या सदऱ्यानं वाट दाखवली. धनीराम शिंप्यानं आपली शिलाई ओळखली. तुमच्या शेजारच्या कौशल्याबाईनं आठ दिवस आधी शिवून घेतला होता. पोर सोबत नाही, माप नुसतं वितीनं सांगितलेलं, तरी सदरा कसा नेमका बसला! मग बसचा कंडक्टर. तोंडावर पदर घेतलेली बाई, खांद्यावर पोर, पवनीपासून भंडाऱ्यापर्यंत एकदाही रडलं नाही म्हणाला. परक्या खांद्यावर लेकरू असं राहते का? त्यात तिच्या घराला त्याच दिवसापासून कुलूप. एकेक कडी जोडत गेलो. शेवटची कडी तर तिनंच दिली. न्यायाधीशांनी विचारलं, काही सांगायचं आहे? ती गप. मी म्हटलं, साहेब, निर्दोष बाई अशी गप राहत नाही. तीन वर्षं सजा! काय दिवस होते ते. आठवलं की अजून बरं वाटते.

गिरजाबाई : तेच सांगाले आली मी. ती गप होती, ते गुन्ह्यापायी नाई.

वासुदेवराव : मग काहून?

गिरजाबाई : इश्वरच्या आधी माही दोन लेकरं गेली. म्हणून सासूनं याले जनमल्याबरोबर सुपात घातलं अन् कौशल्याले देल्लं. मूठभर कोंड्याच्या मोलावर. आमच्यात रीतच हाये. लेकरू दुसरीचं केलं की मरण त्याच्याकडं पाहत नाई. मंग बारशाले चोळीचा खण देऊन वापस घ्यायचं.

वासुदेवराव : ऐकून आहे मी. नुसतं नावापुरतं असते ते.

गिरजाबाई : खण देल्ला तर नावापुरतं. म्या देल्लाच नाई. मले वाटे, राहू द्या तिचाच, तेवढाच जगन. तिले लेकरू नव्हतं. न्हाऊ घालाले, तेल लावाले तीच ये. अडीच वर्सं! दोघी मिळून गाणे म्हणो त्याच्या पाळण्यापाशी. लय चांगले दिवस होते, वकील साहेब. मंग तो तिलेच माय म्हणू लागला. माह्यानं पाहवलं नाई. एक दिवस भांडून म्हटलं, माह्या घरी पाय ठेवू नको.

वासुदेवराव : अहो, मग हे कोर्टात सांगायचं होतं! पोर आपलंच आहे असं ती मनापासून मानत होती, एवढं जरी समजलं असतं तरी कदाचित सुटली असती. तिनं तरी का नाही सांगितलं?

गिरजाबाई : खण हाती येईपर्यंत घेणारीनं कोंड्याची गोठ तोंडातून काढाची नसते. काढली तर लेकराले बाधते. पिंजऱ्यात उभी राहून माह्याकडंच पाहत होती ती. म्या खण देल्ला असता तर तिचं तोंड मोकळं झालं असतं. म्या मान खाली घातली. भेव वाटे, कोर्टवाले पोट्टा तिलेच देऊन टाकतीन.

वासुदेवराव : ज्युनिअर पोरांना मी ही केस हसत हसत सांगत आलो, गिरजाबाई. इतकी वर्षं.

गिरजाबाई : ती आता कारध्याले राहते, भाच्यापाशी. खण घेतला म्या. लगनाच्या आधी देऊन येतो. तुमी चला संगं.

वासुदेवराव : मला पाहून दार लावेल ती. मीच तर तिला आत टाकलं.

गिरजाबाई : एकल्यानं नाई टाकलं. चला.