जावयाने दिलेला पट्टा

हॅलो?… हो, मीच नेला. बाबांच्या गुडघ्यावरचा पट्टा मीच काढून आणला, चोर कुठला येतोय… अगं ऐक ना. आधी ऐक, मग भांड.

काल सुट्टी होती म्हणून गेले बाबांकडे. बघते तर जिन्यातच बसलेले, घामाघूम, गुडघा हा एवढा सुजलेला. विचारलं, सांध्याच्या गोळ्या? तर म्हणाले, तीन आठवडे झाले बंद करून. जावयाने सांगितलं म्हणे, पट्टा असताना गोळ्या लागत नाहीत… हो, तुझ्याच नवऱ्याने. दुसरा जावई कुठून आणू मी?

नको, मला नको वाचून दाखवूस. 'थोडासा किरणोत्सर्ग शरीराला जागं करतो.' पाठ झालंय ते पट्ट्यासोबतचं पत्रक… अगं, पंधरा वर्षं एक्स-रे काढतेय मी. एका फोटोपुरतीसुद्धा भिंतीआड जाते. आणि हा मला सांगणार, चोवीस तास बांधा, पेशी तरुण होतात. परवापर्यंत पडदे विकत होता ना, आता पट्टे?

तपासला ना. आज कामावर नेला. आमच्याकडे किरण मोजणारे साहेब आहेत, त्यांनी मीटरसमोर धरला. टकटक, टकटक, थांबेचना. साहेबांनी हातातला चहा खाली ठेवला. हातमोजे घालून शिवण उसवली, तर आत करडी भुकटी… नाही गं, खोटा नाहीये, तेच तर सांगतेय. नुसती माती निघाली असती तर हसून सोडून दिलं असतं.

हो, हो… बाबांना उद्या काही होणार नाही, मी कुठे म्हणतेय? मात्रा थोडी आहे, साहेबही तेच म्हणाले. पण गुण शून्य, मग थोडा तरी धोका कशाला घ्यायचा?… डॉक्टर किरण देतात ते मोजून देतात, गरज असेल तेव्हा. चिंधीत शिवून नाही.

गोळ्या केल्या सुरू, कालच… बाबा रागावले ना. म्हणाले, 'तो प्रेमाने देतो, तू हिसकावून घेतेस.' लागलं मला ते…

काय?… परत बोल.

तुलाही? कमरेला?… कधीपासून?

अगं, पाचवा महिना चालू आहे ना तुला?

आत्ता आहे अंगावर?… काढ. फोन बाजूला ठेव आणि काढ. मी थांबते.

…

काढलास? पिशवीत घाल, गॅलरीत ठेव. उसवू नकोस… रडू नकोस गं. किती दिवस बांधलास ते सांग, साहेब नीट बघून सांगतील. बहुतेक काही झालेलं नसणार… बहुतेकच म्हणणार, खोटं कसं बोलू? सकाळी तुझ्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. मी येते.

घरात आहे तो?… दे त्याला.

हं, जावईबापू. ओरडत नाहीये मी. एकच विचारायचंय. वर्षभर पाठ दुखतेय ना तुमची? मग तुम्ही किती दिवस बांधलात पट्टा?

… तिचं नाही विचारत. बाबांचंही नाही. तुम्ही, स्वतः.

… हॅलो? फोन ठेवलात?

हॅलो?