लक्ष्मी पडली नाही पाहिजे

पियानो शिकवण्यातलं सगळ्यात कंटाळवाणं काम म्हणजे लहान मुलांकडून बोटांचे व्यायाम करून घेणं. बोटं चालतात, पण मनगट डगमगतं. त्यावर एक जुनी युक्ती आहे. पालथ्या हातावर नाणं ठेवायचं आणि ते न पाडता वाजवायचं.

धरमपेठेतल्या माझ्या क्लासला रेवा नावाची छोटी मुलगी येते. तिला हे घरी करायला सांगितलं, तर तिच्या आईचा फोन आला.

"मॅडम, आमच्याकडे सगळे मोबाइलनंच पैसे देतात. नाणं म्हणून फक्त देवघरातलं निघालं, चांदीचं, लक्ष्मीचं. चालते का?"

"चालेल की."

"पण सासूबाई बाजूले पदर पसरून बसून राहिल्या ना! लक्ष्मी जमिनीवर पडली नाही पाहिजे म्हणतात."

म्हटलं, बसू दे. धाकानं का होईना, मनगट स्थिर होईल.

पुढच्या क्लासला आजीच रेवाला घेऊन आल्या. मी विचारलं, "पडलं का गं नाणं?"

"एकदाच. आजीच्या पदरात. मग नाही."

मी खूश. पर्समधलं नाणं काढून तिच्या हातावर ठेवलं आणि म्हटलं, "वाजव."

रेवा पट्ट्यांवर हात ठेवून बसली. नाणं जराही हललं नाही. पियानोही वाजला नाही.

"अगं, वाजव ना!"

तिनं आजीकडे पाहिलं. आजी शांतपणे म्हणाल्या, "वाजवलं की पडते ते, मॅडम. मंग मीच म्हटलं तिले, बोटं काहून हलवते वं?"